गळकं छप्पर

आमच्या गावात शाळा एक, दारं दोन.
घंटाही दोन, दहा मिनिटांच्या अंतरानं,
म्हणजे पोरांची गाठ जिन्यातसुद्धा पडू नये.
पावाला शब्द दोन, नदीच्या ह्या काठी एक, त्या काठी दुसरा;
बेकरीत चुकीचा शब्द तोंडून गेला
तर पाव मिळतो, पण कालचा.

मी व्यायामशाळेचा किल्लीवाला.
फळ्यावर गुण लिहायचं कामही माझंच.
बोस्नियातली लढाई थांबल्यावर कित्येक वर्षं
लिहिण्यासारखं काही घडलं नाही.
डब्यातला खडू ओल खाऊन दगड झाला.

मग झुमरेता आली.
एकेकाळची गोलरक्षक,
डाव्या हाताची दोन बोटं चेंडू अडवून अडवून वाकडी झालेली.
तिनं भाषण केलं नाही. बादली मागितली.
ज्या फरशीवर त्या हिवाळ्यात आम्ही जखमी ओळीनं निजवले होते
(आमचेच; त्यांचे त्यांनी कुठं निजवले, आम्ही विचारलं नाही)
ती फरशी तिनं गुडघ्यांवर बसून चार दिवस घासली.
पाचव्या दिवशी मी दुसरा ब्रश शोधला.

हँडबॉलला सात लागतात.
ह्या दारातून पाच मुली आल्या, त्या दारातून चार.
‘मोजा,’ ती म्हणाली.
तेवढंच.

दोन आठवडे चेंडूनं नदी ओलांडली नाही.
अल्दियाना फक्त सेनिदाकडे फेकायची,
तिहाना फक्त रूझित्साकडे.
हाक कुठल्या शब्दानं मारायची, यावरून एकीनं बूट भिरकावला.
झुमरेता म्हणाली, पाठीवरच्या आकड्यानं मारा.
येदान. द्वा. त्री.
आकडे दोन्ही काठांवर तेच निघाले.
मी साठ वर्षं ह्या गावात मोजत आलोय,
गुण, पैसे, पोती, कबरी,
आणि हे कधी कानावर पडलं नव्हतं.

सदऱ्यांवरून पुन्हा अडलं.
हिरवा आमचा, निळा त्यांचा,
लाल मोडलेल्या देशाचा, पांढरा म्हणजे शरण.
शेवटी बंद नाट्यगृहाचा पडदा फाडला,
तपकिरी, उंदरांनी कुरतडलेला.
इतका कुरूप रंग कुणाच्याच झेंड्यात नव्हता.

माझाच मेहुणा हाम्दिया, लाकडाच्या वखारीचा मालक,
म्हणाला, छप्पर नवं घालून देतो,
कर्णधार मात्र माझी सेनिदा.
झुमरेतानं त्याला कॉफी पाजली
आणि दंडाची पट्टी तिहानाला बांधली.
तिहानाच्या बापाचं नाव
एके काळी मीच भिंतीवर लिहिलं होतं, कोळशानं.
दोन दिवस मी किल्ली घेऊन गेलो नाही.
तिसऱ्या दिवशी गेलो, तर नऊजणी
बाहेर बर्फात धावत होत्या.
सेनिदा सगळ्यांत पुढे.

सामना मार्चमध्ये झाला.
गाव आलं, आणि बसलं नेहमीसारखं:
आमचे डावीकडे, ते उजवीकडे, मधे रिकामी बाकं.
छतावरचा बर्फ वितळत होता.
पहिला थेंब हाम्दियाच्या टोपीवर पडला.
त्यानं वर पाहिलं नाही.
मग धार लागली.
एक म्हातारी उठली, छत्री मिटली,
आणि पलीकडे जाऊन म्हणाली, ‘सरक.’
कुणीतरी सरकलं.
अर्ध्या तासात डावी बाजू ओस
आणि उजवीकडे मांडीला मांडी.
तिहानानं ओरडून ‘पेत!’ म्हटलं तेव्हा
पाच नंबरच्या सेनिदाबरोबर
सबंध बाक पुढे झुकला.

हरलो. एकोणीस, बावीस.
मी फळा पुसला नाही.

दोन घंटा अजून वाजतात.
छप्पर अजून गळतं; झुमरेता म्हणते, गळू दे थोडं.
परवा मी पलीकडच्या बेकरीत गेलो,
कुठला शब्द काढावा याचा विचार करत दारातच थबकलो.
बाई पीठ झटकत म्हणाली,
‘तीन गुणांनी हरलो ना आपण?’
मी मान हलवली.
पाव कालचाच होता.
आजचा संपला होता.